वाटा कोणाकोणाचा?



सणाच्या तयारीला लागलो की एक प्रश्न दरवर्षी कानावर येतो : "फादर, आपलं सगळ्यांचं ध्येय एकच आहे ना? मग वाद का होतात?" प्रश्न साधा दिसतो, पण तसा नाही. एकच ध्येय असले म्हणजे माणसे खरोखर एक होतात का?

मालवण-वेंगुर्ल्याकडे ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी रापण पाहिली असेल. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घालते, दोराची दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे ओढू लागतात. एका बाजूने घाई केली तर जाळे वाकडे होते आणि मासळी निसटते. म्हणून प्रत्येकाचे अर्धे लक्ष आपल्या दोराकडे, तर अर्धे समोरच्या रांगेकडे असते. पाण्याचा रंग, पक्ष्यांची झेप, ओहोटीची वेळ ही सारी विद्या पोरांना दोर धरल्यानेच येते. ती कोणी फळ्यावर शिकवत नाही. नंतर वाटे पडतात : जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. वाटेने जाणाऱ्याने हात लावला, तर त्याच्याही हाती चार बांगडे येतात.

हे वर्णन ऐकून संत ऑगस्टीन कदाचित हसले असते. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले. त्यानंतर लिहायला घेतलेल्या 'देवाची नगरी' या ग्रंथात त्यांनी एक अवघड मुद्दा मांडला आहे. चोरांच्या टोळीचेही ध्येय एक असते, नायक असतो, नियम असतात आणि लूटसुद्धा ठरल्याप्रमाणेच वाटली जाते. मग न्याय नसलेले राज्य आणि टोळी यांत फरक काय? पुढे त्याच ग्रंथात ते म्हणतात की, एखादा समाज कसा आहे हे जाणायचे असेल, तर त्या समाजातील सर्वांचे प्रेम कशावर आहे ते पाहावे. म्हणजे केवळ एकजूट हा सद्गुण नाही. बाबेलचा बुरूज बांधणारेही एकजुटीने काम करत होते, त्यांची भाषासुद्धा एकच होती!

आपल्या समुद्रावर हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. १९७० च्या दशकात गोव्यात मतानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले. १९८० साली तेथे सागरी मासेमारीचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात १९८१ साली. २०१६ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. तरीही वाद मिटलेला नाही. पर्ससीनच्या बोटीवरही एकजूट असते. तेथील खलाशीही घामच गाळतो आणि त्याच्याही घरी चूल असते. रापणीच्या जाळ्यातही बारीक पिल्ले येतातच, तेव्हा एकाला संत आणि दुसऱ्याला पापी ठरवून आपली सुटका नाही. विचारायचे ते हे, की वाटे मोजताना समोर नसलेल्यांना आपण मोजतो का? शेजारच्या गावाला, पुढच्या वर्षाच्या मासळीला, आज शाळेत असलेल्या पोराला?

पहिल्या ख्रिस्ती समूहाबद्दल आपण अभिमानाने सांगतो की, ते एकमनाचे आणि एकजिवाचे होते (प्रेषितांची कृत्ये ४:३२). पण दोनच अध्याय पुढे वाचा. ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली आहे : रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी "एकीला तडा जातोय, गप्प बसा" असे म्हटले नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावले आणि सात जणांना निवडायला सांगितले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत, हे मला फार बोलके वाटते. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले. समूह शिकला तो असा, कुरकुरीतून. जिथे तक्रार करणाऱ्याला लगेच फुटीर ठरवले जाते, तिथे माणसे कामे करतील, मांडव घालतील, पण शिकणार काहीच नाहीत. आपल्याकडच्या पुष्कळ मंडळांची हीच गत आहे. (चर्चच्या समित्याही मंडळेच असतात.)

आपल्या धर्मग्रामात कोकणी बोलणारी घरे आहेत, मराठी बोलणारी आहेत, आणि बाहेरच्या राज्यांतून कामासाठी आलेले काही तरुण मागच्या बाकांवर बसतात. सणाच्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी बोललेले मी अजून ऐकलेले नाही. वर्गणीच्या यादीत मात्र त्यांची नावे आहेत.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सणाची बैठक आहे. मांडव, बँड आणि जेवण हे विषय नेहमीप्रमाणे होतीलच. त्याआधी पहिली पंधरा मिनिटे मी मागच्या बाकांवरच्यांसाठी ठेवली आहेत. बाकीच्यांनी तेवढा वेळ फक्त ऐकावे, ही विनंती.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू