संकल्पातील तीन नावे

भाद्रपद वद्य पक्षात वैनगंगेच्या तीरी तर्पणास बसलेल्या भाविकास उपाध्याय प्रथम गोत्र विचारतात आणि त्यानंतर वडिलांचे, आजोबांचे व पणजोबांचे नाव. वडिलांचे नाव तत्काळ उच्चारले जाते. आजोबांचे किंचित थांबून येते. पणजोबांच्या नावापाशी मात्र पुष्कळांची वाणी अडखळते. शेजारी बसलेल्या चुलत्याकडे पाहिले जाते, गावी दूरध्वनी लावला जातो आणि तोवर ओंजळीतील पाणी गळून जाते. ज्या तीन पिढ्यांस शास्त्राने वसुरूप, रुद्ररूप आणि आदित्यरूप मानले, त्यांतील तिसरी पिढी आपल्याच घरात अनामिक झालेली असते.

मातृकुळाची स्थिती याहून कठीण आहे. तर्पणाच्या क्रमात माता, पितामही, प्रपितामही यांस स्वतंत्र स्थान आहे. मातामहादी पूर्वजही त्यात येतात. तथापि पणजीचे नाव सांगता येणारे कुटुंब विरळाच. विवाहानंतर तिचे नाव बदलले, पुढे ती अमक्याची आई झाली, नंतर सर्वांची आजी झाली आणि तिचे स्वतःचे नाव तिच्याबरोबरच गेले.

शास्त्र या बाबतीत उदार आहे. गोत्र ज्ञात नसल्यास काश्यप गोत्र उच्चारावे, तिथी ज्ञात नसल्यास सर्वपित्री अमावास्येस श्राद्ध करावे, अशी सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. परंतु ही सोय ज्याचा शोध लागणे अशक्य आहे त्याकरिता आहे. ज्याचा शोध कधी घेतलाच नाही त्याकरिता नाही. कुळाचा इतिहास शोधणे म्हणजे काही मोठे विद्वत्कार्य आहे, असे मानून अनेकजण मागे सरतात. वास्तविक त्याचा आरंभ या तीन नावांपासूनच करावयाचा असतो.

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात सीतास्वयंवरानंतरचा प्रसंग या दृष्टीने मननीय आहे. विवाहापूर्वी दशरथाच्या वतीने वसिष्ठ ऋषी इक्ष्वाकुकुळाची परंपरा सांगतात. त्यानंतर जनकराजा, कन्यादानसमयी कुळ संपूर्ण सांगितले पाहिजे, असे म्हणून निमीपासून आपली वंशावळ स्वमुखाने कथन करतो. विशेष हे, की वसिष्ठांनी केवळ पराक्रमी राजांचीच नावे निवडून सांगितली नाहीत. शत्रूंकडून पराभूत होऊन हिमालयात आश्रय घेणारा असित, त्याच्या एका राणीने सवतीवर केलेला विषप्रयोग, त्या विषासह जन्मास आलेला सगर आणि नरभक्षक झालेला कल्माषपाद, हे सर्व त्यांनी साक्षात व्याह्यांसमोर सांगितले. श्रीरामचंद्रांच्या कुळास त्याने कोणतेही उणेपण आले नाही. आज वंशावळ लिहिणारे मात्र आरंभालाच एखादा सरदार अथवा राजवंश शोधू लागतात, आणि कर्जापायी गाव सोडून आलेल्या खऱ्या पणजोबांस गाळतात.

पहिले साधन म्हणजे घरातील वृद्ध मंडळी. त्यांस थेट वंशावळ विचारू नये. त्याने स्मृती आखडते. शेत कोणाकडून आले, विहीर कोणी खोदली, आत्या कोणत्या गावी दिली, कुलदैवत कोठले व त्याच्या दर्शनास कोणत्या वाटेने जात, असे विचारावे. अक्षय्य तृतीयेस घागर कोणाकोणाच्या नावे भरली जात असे, या एका प्रश्नानेही विस्मृत नावे पुढे येतात. ऐकलेले त्याच दिवशी लिहावे आणि कोणी सांगितले तेही लिहावे. दोघांनी दोन निरनिराळी नावे सांगितली तर दोन्ही लिहून ठेवावीत.

भंडारा जिल्ह्यात या कामी विलंब परवडणारा नाही. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली आणि पुढे वैनगंगाकाठची अनेक गावे बुडिताखाली आली. पवनी व भंडारा तालुक्यांतील कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. गावाबरोबर पार गेला, मारुतीचे मंदिर गेले, शेताच्या बांधावरील पूर्वजांचे दगड पाण्याखाली गेले. कोणाचे घर कोणाच्या घराशेजारी होते, हे आता केवळ त्या गावात वाढलेल्या माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे वृद्ध झाली आहेत.

त्यानंतर कागदपत्रांकडे वळावे. येथे जिल्ह्याचा इतिहास ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात, नंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील कुटुंबांस न आढळणारे शब्द येथील जुन्या कागदांत आढळतात: बंदोबस्त मिसल, खसरा, वाजिब-उल-अर्ज, अधिकार अभिलेख. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्यामुळे तिरोडा, आमगाव, गोरेगाव येथील कुटुंबांचे जुने कागद ‘जिल्हा भंडारा’ या नावानेच शोधावे लागतात. भोसलेकालीन कागद मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावेत. अंदाजाने वाचलेले नाव न वाचलेल्या नावापेक्षा अधिक घातक ठरते.

ज्यांच्या नावे कधी जमीनच नव्हती, त्यांनी निराश होऊ नये. कोतवालाने ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत मालगुजार व मजूर एकाच पानावर असतात. प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टरही असेच समदर्शी आहे. त्यातील जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. जुन्या काळी अनेकांचा जन्म गुरुजींच्या सोयीने १ जुलै रोजीच झालेला आहे! वडिलांचे नाव व गाव सहसा खरे असते. पणजीचे नाव शोधणाऱ्यांनी फेरफाराच्या नोंदी पाहाव्यात. पतीच्या निधनानंतरच्या वारस नोंदीत विधवेचे व मुलींचे नाव येते. पुष्कळ घराण्यांत लेकीचे नाव कागदावर प्रथम उमटते ते तिने हक्क सोडल्याच्या नोंदीत, हे वाचताना कोणासही बरे वाटणार नाही. परंतु नाव मिळते.

मौखिक परंपरेचीही साधने आहेत. पोवार समाजाच्या कुळांची माहिती भाटांच्या पोथ्यांत आहे. गोंड समाजाच्या कुळकथा परधान गायकांनी जपल्या आहेत. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजात आपले पूर्वज काशीकडून आल्याची परंपरा सांगितली जाते. अशी परंपरा आदराने लिहून घ्यावी, मात्र ‘परंपरा सांगते’ असे नमूद करून. काशी, गया, प्रयाग अथवा त्र्यंबकेश्वर येथे जाणाऱ्यांनी तीर्थोपाध्यायांच्या वह्या अवश्य पाहाव्यात. त्यांत गाव व आडनावाप्रमाणे यात्रेकरूंच्या नोंदी असतात, क्वचित पणजोबांची स्वाक्षरीही भेटते. जातिभेदाच्या काळात ज्यांना तीर्थाच्या घाटावर स्थान नव्हते त्यांची नावे या वह्यांत नाहीत. हा दोष त्या कुळांचा नव्हे, वह्यांचा आहे.

पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले व तेथे दोन सहस्र वर्षांहून प्राचीन बौद्ध स्तूप प्रकाशात आला. त्याच्या शिलांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्या दात्यांविषयी त्या शब्दांपलीकडे फारसे काही ज्ञात नाही. परंतु त्यांनी नाव लिहविले म्हणून ती माणसे होऊन गेली हे आज सांगता येते.

मंदिराची देणगी-नोंदवही हाही उद्याचा असाच आधार आहे. ‘एक भक्त, नागपूर’ अथवा ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ अशी नोंद पुष्कळदा करविली जाते. त्यातील विनय स्तुत्य असला, तरी पणतवंडांस त्याचा उपयोग नाही. शिलाफलकावर नाव नको असल्यास न घालावे; नोंदवहीत मात्र दात्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव व तालुका लिहवावा. गाव बुडितात गेले असल्यास जुन्या गावाचेच नाव प्रथम सांगावे. देणगी मातेच्या अथवा आजीच्या स्मरणार्थ असल्यास तिचे सासरचे नाव, माहेरचे नाव आणि माहेरचे गाव ही तिन्ही सांगावीत. माहेरचे नाव त्या क्षणी आठवत नसेल, तर ती जागा मोकळी ठेवण्यास सांगावे. घरी विचारून पुढील दर्शनास येताना ते भरता येते.