हरणाऱ्या घोड्यावर

आपलं डिपॉझिट जाणार हे ज्याला स्वतःलाच ठाऊक असतं, त्या उमेदवाराबद्दल मला जरा ओढ वाटते. लहानपणी आमच्या वॉर्डात दर निवडणुकीला असा एक गृहस्थ उभा राहायचा. सायकलच्या हँडलला कर्णा बांधलेला, मागे कॅरिअरवर बॅटरी, आणि सोबत कुणी नाही. गटाराबद्दल, नळाच्या वेळेबद्दल बोलायचा, म्हणजे जे मोठ्या सभांत कुणीच बोलत नसे तेच. निवडून यायचं नव्हतं म्हणून तो खरं बोलायचा, की खरं बोलायचा म्हणून निवडून येत नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रॉन पॉल यांचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो कर्णा आठवला. टेक्सासचे हे तेव्हाचे काँग्रेस-सदस्य पेशाने प्रसूतितज्ज्ञ. ४,०००हून अधिक बाळंतपणं केलेला माणूस. राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं नाही त्या प्रत्येक विधेयकाला 'नाही' म्हणायची सवय, म्हणून सहकाऱ्यांत नाव पडलं 'डॉक्टर नो'. १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि अर्धा टक्काही मतं मिळाली नाहीत. २००८ च्या निवडणुकीसाठी सत्तरी ओलांडून पुन्हा उतरले, या वेळी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी. त्यांच्या अनेक हट्टांपैकी एक हट्ट असा की, लोकांनी घरी बसून इंटरनेटवर पोकर खेळायला सरकारने आडकाठी करू नये.

ही आडकाठी आली कशी ते मोठं रंजक आहे. २००३ मध्ये टेनेसीच्या एका हिशेबनीसाने, क्रिस मनीमेकर त्याचं नाव (आणि हे खरं आडनाव आहे), ऑनलाइन पात्रता फेरीतून लास व्हेगसच्या पोकरच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळवली आणि २५ लाख डॉलर जिंकले. मग घरोघरी पत्ते पिसले जाऊ लागले, पडद्यावर. जुलै २००६ मध्ये प्रतिनिधिगृहाने ऑनलाइन जुगाराविरुद्धचं विधेयक ३१७ विरुद्ध ९३ मतांनी मंजूर केलं. पॉल त्या ९३ पैकी एक. सिनेटमध्ये गाडी अडली. मग सप्टेंबरअखेरीस, सगळ्यांना निवडणुकीसाठी आपापल्या मतदारसंघात पळायची घाई असताना, ते प्रकरण बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला शेपटासारखं बांधलं गेलं. दहशतवाद्यांनी बंदरातून बॉम्ब आणू नयेत, याच्या विरोधात निवडणुकीच्या तोंडावर कोण हात वर करणार? १३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली. खेळणाऱ्याला या कायद्याने हातही लावला नाही. त्याने बँकांना आणि कार्ड कंपन्यांना सांगितलं की जुगाराच्या कंपन्यांकडे पैसे जाऊ द्यायचे नाहीत. विधेयक मंजूर झाल्याचं कळताच लंडनच्या बाजारात पार्टीगेमिंग या ऑनलाइन पोकर कंपनीचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला. घोड्यांच्या शर्यती मात्र वाचल्या. राज्यांच्या लॉटऱ्या वाचल्या. फँटसी स्पोर्ट्स, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदी टीम बांधायचा खेळ, तोही वाचला. ज्याचा वशिला त्याचं पाप धुतलं गेलं, दुसरं काय.

पॉल स्वतः जुगाराचे शौकीन नव्हते, आणि जुगार चांगला असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. माणसाने आपल्या पैशाचा मूर्खपणा करायचा ठरवला, तर त्याला आवरायला सरकार हे चुकीचं साधन आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात बँकेला पोलीस करून ठेवलं की तो पोलीस उद्या आणखी कशाकशावर नजर ठेवेल, ही धास्ती. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे बार्नी फ्रँक यांनी बंदीऐवजी परवाने द्यावेत असं विधेयक आणलं, त्याला पॉल यांनी साथ दिली. फ्रँक म्हणजे पक्के उदारमतवादी डेमोक्रॅट. बाकी बहुतेक बाबतींत दोघांचं तोंड दोन दिशांना.

जो स्वतः पत्त्याला हात लावत नाही तो पत्तेवाल्यांची बाजू घेतो, तेव्हा त्याच्या बोलण्याला वजन येतं. आपल्याकडे बारबंदीविरुद्ध बारमालक बोलतो, गुटखाबंदीविरुद्ध गुटखेवाला. ऐकणारा मनात म्हणतो, तू बोलणारच. पॉल यांच्याबाबत ती सोय नव्हती.

मोहीम अजबच होती. ५ नोव्हेंबर २००७ रोजी त्यांच्या चाहत्यांनी, उमेदवाराच्या कचेरीला न विचारता, चोवीस तासांत ऑनलाइन ४० लाख डॉलरहून अधिक जमवले. १६ डिसेंबरला, बोस्टनच्या चहा-बंडाच्या दिवशी, ६० लाखांहून अधिक. बहुतेक रक्कम किरकोळ देणग्यांची. त्याच चाहत्यांनी उमेदवाराच्या नावाचं एक फुगा-जहाजही (ब्लिंप) उडवलं. मला गंमत वाटते ती अशी की, हरणार हे माहीत असलेल्या घोड्यावर इतक्या लोकांनी पैसे लावले, तेही इंटरनेटवरून, आणि परताव्याची आशा शून्य. याला जुगार म्हणायचं की जुगाराच्या बरोब्बर उलट?

जानेवारीत आयोवात पाचवे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. पण नेवाडात, म्हणजे लास व्हेगसच्या राज्यात, १४ टक्के मतं घेऊन दुसरे आले. पुढे उमेदवारी ज्यांना मिळाली ते मॅककेनही त्यांच्या मागे. पोकरवाल्यांनी छाती फुगवली. खरं तर त्या मतांत इराक युद्धाचा राग होता, आधाराशिवाय छापल्या जाणाऱ्या नोटांबद्दलचा राग होता, आणि प्रतिस्पर्धी रॉम्नी सोडले तर तिथे इतर कुणी फारसा जोरही लावला नव्हता. पत्त्यांचा मुद्दा त्यात पाव हिस्साही असेल असं मला वाटत नाही.

असंच फुगलेलं श्रेय पोकरवाल्यांनी आधीही एकदा घेतलं होतं. जुलै २००६ च्या त्या विधेयकामागे जे दोन-तीन लोक होते त्यांत आयोवाचे जिम लीच. तीस वर्षं निवडून येत होते. नोव्हेंबर २००६ मध्ये ते पडले, आणि पोकरच्या जगात फटाके फुटले. पाडलं कुणी? डेव्ह लोबसॅक नावाच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने. प्राथमिक फेरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला लागणाऱ्या सह्याही त्याला पुरेशा जमवता आल्या नव्हत्या, शेवटी पक्षाच्या मेळाव्याने नाव पुढे केलं. आशा नसलेला उमेदवार कसा असतो ते पाहायचं तर हा पाहावा. आणि तो जुगाराच्या मुद्द्यावर उभाच नव्हता. बुश यांच्यावरच्या रागाची लाट आली आणि त्यात लीच वाहून गेले.

आता या लीच यांच्याकडे नीट बघा. राजकीय निधी-समित्यांचे पैसे न घेणारा माणूस. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर चाल करायचा अधिकार बुश यांना द्यायचा का, यावर मतदान झालं तेव्हा प्रतिनिधिगृहातल्या फक्त सहा रिपब्लिकनांनी विरोध केला. त्या सहांत लीच होते. आणि पॉलही. ज्या युद्धामुळे लोक रिपब्लिकनांवर चिडले त्याला लीच यांनी आधीच 'नाही' म्हटलं होतं, तरी मतदारांनी हिशेब त्यांच्याच नावावर मांडला. म्हणजे ऑनलाइन जुगाराच्या या भांडणात दोन्ही बाजूंना एकेक सरळ माणूस होता, आणि ते दोघे एकदा एकाच बाकावर बसून हरले होते. चांगली माणसं विरुद्ध बाजूंना सापडली की प्रश्न खरोखर अवघड आहे असं मी धरून चालतो.

आपण मुंबईकडचे लोक अमेरिकेच्या या गोष्टीला परके नाही. मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या जिवावर. तिथल्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईला यायचे, उघडता भाव आणि बंद होतानाचा भाव, आणि गिरणगावातली माणसं त्यातल्या आकड्यांवर पैसे लावायची. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथून आले. भाव यायचे थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पुढे पत्ते. कायदा १८८७ पासून होता, आकडा त्याच्या नाकाखाली चालला. आणि १९६९ पासून राज्य सरकारची स्वतःची लॉटरीही. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला लटकवलेली ती तिकिटं कुणाला पाप वाटली नाहीत.

तिकडे अमेरिकेत पॉल हरले, पण त्यांचा मुद्दा पुढे जिंकला. कसा, ते मात्र त्यांनाही आवडलं नसेल. २००६ च्या बंदीत फँटसी स्पोर्ट्सला जी फट ठेवली होती तिच्यातून फॅनड्युएल, ड्राफ्टकिंग्ज या कंपन्या वाढल्या. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सीच्या खटल्यात खेळांवरच्या सट्ट्याची केंद्रीय बंदी उडवली, आणि एकामागून एक राज्यांनी परवाने वाटले. आज अशी राज्यं पस्तीसच्या वर आहेत. व्यक्तिस्वातंत्र्याचा गजर करत कुणी आलं नाही. राज्याच्या तिजोरीला कर हवा होता आणि कंपन्यांना गिऱ्हाईक. पॉल यांचे शब्द त्यांनी उचलले, माणूस मागेच राहिला.

मला त्यांच्या युक्तिवादात खटकतं ते इथेच. त्यात दोघेच आहेत, खेळणारा आणि सरकार. तिसरा, जो खेळ विकतो, तो कुठेच दिसत नाही. चाळीतल्या आकडेवाल्याला गिऱ्हाइकाचं घर ठाऊक असे. पगाराला किती दिवस उरलेत, उधारी किती चढली, बायको कधी वहाण घेऊन येईल, हे सगळं. तो काही साधू नव्हता, पण त्याच्या वहीला पानं मोजकी होती. फोनमधल्या वहीला शेवट नाही. आमच्या इमारतीखाली इस्त्रीचं दुकान आहे, त्याचा मुलगा चोविशीतला. आयपीएलच्या दिवसांत गरम इस्त्री उभी करून ठेवायचा आणि टॉस झाला रे झाला की टीम बदलायला घ्यायचा. कॅप्टनला दुप्पट गुण असतात, म्हणून अंगठा कॅप्टनवरच घुटमळायचा. एण्ट्री ४९ रुपये. "चहा-वडापावचे पैसे आहेत, काका," म्हणायचा. दोन-तीन दिवस खेळला नाही की बोनस जमा झाल्याचा मेसेज यायचा, नावानिशी. मोटारसायकलचं डाउन पेमेंट अशा ४९-४९ ने गेलं. दुसऱ्याचा शर्ट जाळला ते वेगळं. या मुलाचं स्वातंत्र्य कुणापासून वाचवायचं, या प्रश्नाला पॉल यांच्याकडे उत्तर नाही.

तरी २००६ मध्ये मी तिथे असतो तर त्यांच्याच बाजूने हात वर केला असता. त्यांच्या कारणासाठी नव्हे. जो कायदा शर्यतीला सूट देतो, लॉटरीला सूट देतो आणि बंदराच्या पाठीवर बसून येतो, त्याला नीतीचा कायदा म्हणायला जीभ वळत नाही.

आपल्याकडे बंदी आली ती २०२५ मध्ये. कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नव्हे, हे आपलं सर्वोच्च न्यायालय १९५७ पासून सांगत आलं होतं, पुढे रमीलाही त्याने कौशल्याच्या रांगेत बसवलं, आणि त्या फटीतून मुंबईच्या ड्रीम११ सारख्या कंपन्या भारतीय संघाच्या जर्सीपर्यंत पोचल्या. नव्या कायद्याने कौशल्य-नशीब हा भेदच पुसला. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, बँकांना पैसे वळते करायला मनाई, आणि खेळणाऱ्याला इथेही हात लावलेला नाही. लोकसभेत विधेयक मांडलं २० ऑगस्टला आणि गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झालं तेही २० ऑगस्टलाच. योगायोग असा की पॉल यांनी त्याच दिवशी वयाची नव्वदी पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी राज्यसभा, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत आपल्याला एखादा 'डॉक्टर नो' सापडायला हवा होता, निदान कर्णा बांधलेली एखादी सायकल. जी कुरबुर झाली ती कंपन्यांच्या वकिलांनी कोर्टात केली, आणि आपण मनात म्हटलं, तू बोलणारच.

परवा इस्त्रीचे कपडे आणायला गेलो तर पोरगं पुन्हा फोनमध्ये. म्हटलं, बंद झालं ना रे ते? तर म्हणाला, "ते बंद झालं काका. आता टेलिग्रामवर आयडी मिळतो, बाहेरच्या देशातला." मग स्क्रीनवरून नजर न काढता खुशीत म्हणाला, "ह्यात टॉससाठी थांबावं नाही लागत. प्रत्येक बॉलला लावता येतं."