भिंतीच्या पलीकडे काय जातं?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५.

श्लोकाचा भाव थोडक्यात असा. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, असा भक्त देवाला आवडतो. हा श्लोक मी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. दर वेळी वाटायचं, पहिली अट तरी आपण पूर्ण करतो. आपण कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मागच्या एकादशीला हा समज मोडला.

टोकावड्याला आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यात एकच सामाईक भिंत आहे. पहाटे पाचला काकडा आणि संध्याकाळी हरिपाठ लावायचा, ही वडिलांपासूनची सवय. पूर्वी टेपवर चालायचं. मी हौसेने मोठा वूफर असलेली होम थिएटर सिस्टीम आणली. पखवाजाची थाप छातीत लागायची. वाटायचं, भजन कसं भरून ऐकू येतंय!

एकादशीला संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा द्यायला शेजारी गेलो. आमच्याकडे हरिपाठ चालू होता. काकूंनी बसायला सांगितलं, म्हणून भिंतीला टेकून बसलो. पाठीला हादरे लागायला लागले. मांडणीवरचे पेले किणकिणत होते. कान देऊन ऐकलं. कुठला अभंग, कोण गातंय, काही कळेना. टाळ नाही, शब्द नाही, विठ्ठलाचं नाव नाही. नुसतं धप् धप्.

"काकू, रोज असंच ऐकू येतं का हो?"

"अरे, देवाचंच आहे ना. सिनेमाची गाणी असती तर सांगितलं असतं तुला."

मग त्यांच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे दुसऱ्या पाळीवरून रात्री एकला येतात. पहाटे पाचला भिंत वाजायला लागली की उठूनच बसतात."

डबा ठेवून घरी आलो. त्या रात्री मला काही नीट झोप लागली नाही.

असं का होतं, हे समजून घ्यायला इंजिनिअरिंगचा थोडा उपयोग झाला. भिंत उंच स्वर चांगले अडवते, खर्ज मात्र फारसा अडवत नाही. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. भिंतीला दोन इंची फोम चिकटवून तिला काही फरक पडत नाही. म्हणजे नाम अलीकडेच राहिलं आणि हादरे तेवढे पलीकडे गेले.

दुसरी गोष्ट जास्त लागली. आमची खोली साधारण ११ फूट रुंद आहे. ५० हर्ट्झची अर्धी लाट तेवढीच भरते. अशा खोलीत तो खर्ज मधोमध सगळ्यात कमी आणि भिंतीशी सगळ्यात जास्त असतो. मी रोज मधोमध बसायचो. बेस कमी वाटतो म्हणून वाढवायचो. आणि भिंतीच्या पलीकडे कोणी उशी टेकून झोपलेलं असायचं. जो त्रास देतो त्यालाच तो सर्वात कमी जाणवतो, हे नुसतं स्पीकरच्या बाबतीतच आहे का?

'उद्वेग' या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातला 'विज्' धातू आहे. त्याचा अर्थ भिणे, थरथरणे. म्हणजे मांडणीवरच्या पेल्यांना जे होत होतं, तेच या शब्दात आहे. ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकावर समुद्राचा दृष्टांत दिला आहे. समुद्र कितीही उसळला तरी त्यात राहणाऱ्या जीवांना त्याची भीती वाटत नाही आणि समुद्रालाही त्यांचा कंटाळा येत नाही. आमचा समुद्र मात्र रोज पहाटे शेजाऱ्याच्या उशाशी आदळत होता.

मनाने लगेच वकिली केली. आवाज नियमात आहे की! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घरातल्या सिस्टीमचा आवाज आपल्या हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. मोबाईलवर मोजलं, तर आकडा बरा दिसला. पण हे मोजमाप 'ए' पद्धतीचं असतं. ६३ हर्ट्झच्या आवाजातून त्यात सुमारे २६ डेसिबल वजा होतात. मीटर खर्जाला जवळजवळ माफच करतो. झोपलेला माणूस करत नाही.

आणि काकू इतके दिवस गप्प का राहिल्या? देवाचं नाव मध्ये होतं म्हणून. आपल्या ठाण्यातल्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला, की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये निकाल देताना न्यायालयाने तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असं सांगितलं. तक्रार करणारा किती दबून असतो, हे न्यायालयाला ठाऊक आहे. मला भिंतीपलीकडचं ठाऊक नव्हतं. माझ्या भक्तीने काकूंची तक्रार करायची सोयच काढून घेतली होती. हे पाप मी कशात मोजू?

मग काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. वूफर कोपऱ्यातून काढून सामाईक भिंतीपासून लांब नेला, कारण कोपऱ्यात खर्ज आणखी फुगतो. खाली जाड रबर घातलं, म्हणजे हादरा जमिनीत कमी उतरतो. पहाटे वूफर पूर्ण बंद. छोटे स्पीकर जवळ ठेवून हळू आवाजात ऐकायचं, ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कापलेला. फारच भरून ऐकावंसं वाटलं तर हेडफोन.

पहिले चार-पाच दिवस काकडा पोकळ वाटला. तेव्हा कळलं की मला नामापेक्षा दणक्याची सवय लागली होती. आता शब्द जास्त ऐकू येतात, हे मात्र खरं.

लग्नसराईत डीजे वाजतातच, मग तुझ्या एका वूफरने काय होणार, असं एक मित्र म्हणाला. होईल ते एवढंच, की एका माणसाची दोन तास झोप वाचेल. मला तेवढं पुरे.

या श्लोकाला दोन बाजू आहेत. लोकांचा उद्वेग करून घेऊ नये, हा भाग आपण शेजाऱ्याला शिकवतो, 'थोडं सहन करावं' म्हणून. तो भाग काकू न वाचताच पाळत होत्या. माझ्या वाट्याचा भाग माझ्याकडून राहिला होता.

आजचा अभ्यास : आपल्या घरचा आवाज एकदा शेजाऱ्याच्या घरी, भिंतीला पाठ टेकून ऐकावा. त्यांनी बोलावण्याची वाट बघू नये.

राम कृष्ण हरी.