गुणांसाठी ज्ञानकोश

२०११ साली पुण्यात एक प्रयोग सुरू झाला आणि त्याच वर्षी तो गुंडाळावाही लागला. विकिमीडिया फाउंडेशनने ‘इंडिया एज्युकेशन प्रोग्राम’ या नावाने पुण्यातल्या काही शिक्षणसंस्था हाताशी धरल्या होत्या. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय त्यात होते, सिम्बायोसिसचे अर्थशास्त्राचे महाविद्यालय होते. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमातल्या विषयांवर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहायचे आणि शिक्षकांनी त्याला गुण द्यायचे, अशी साधी योजना. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आदल्या वर्षी असेच काम सुरू झाले होते आणि तिकडे ते बरे चालले होते. पुण्यात मात्र काही महिन्यांतच पाठ्यपुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारेच्या उतारे जसेच्या तसे विकिपीडियावर येऊन पडू लागले. ते शोधून काढता काढता स्वयंसेवक संपादक मेटाकुटीला आले आणि नोव्हेंबरात कार्यक्रम थांबला.

‘आपली पोरे कॉपीबहाद्दर’ असा या प्रसंगाचा सोपा अर्थ लावता येतो. मला तो पटत नाही. प्रकल्प म्हणजे कुठून तरी उतरवून काढायची वही, हे आपण मुलांना शाळेपासून शिकवतो. कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, हे मुलांना ठाऊक असते आणि सरांनाही. पुण्याच्या मुलांनी आपल्या रीतीने असाइनमेंटच पूर्ण केली. फरक इतकाच, की कॉलेजातली असाइनमेंट सहसा कुणी वाचत नाही आणि ही सगळ्या जगाने वाचली. चूक योजनेत होती. एकाच वेळी शेकडो विद्यार्थी, त्यांना शिकवणारे स्वतःच नवखे, आणि लक्ष सगळे किती लिहिले गेले याकडे.

धाराशिवच्या संदर्भात हे आज आठवण्याचे कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला आहे, समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक आले आहेत, आणि ते कशाने भरायचे हा प्रश्न प्राध्यापकांपुढे आहे. विकिपीडिया समोर दिसतोच. खर्च नाही, मोबाइलवर होते, आणि अहवालात चांगले दिसते. मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास विकिपीडिया संपादनाच्या कार्यशाळाही होतात. त्यातली एक गंमत आयोजकांना हमखास गाठते. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. लॅबमध्ये चाळीस मुले बसलेली, आणि सातव्याला नकार. आधी सांगून ही मर्यादा वाढवून घेता येते, पण तेवढे करायला कुणीतरी त्या जगात अगोदर वावरलेले लागते.

माझे म्हणणे असे, की ज्ञानकोशाचे हे काम धाराशिवसारख्या जिल्ह्यात अभ्यासक्रमात जरूर असावे, पण त्यात लेखाला गुण देऊ नयेत. गुण द्यावेत ते एका विधानाला भक्कम आधार शोधून जोडल्याबद्दल.

तेर या गावाचेच घ्या. या जिल्ह्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला तेरवर लिहायला सांगा, पहिले वाक्य बहुधा असे येईल: ‘तेर हे प्राचीन काळी जगप्रसिद्ध व्यापारी केंद्र होते.’ आता त्याला विचारा, कशावरून? इथून खरे काम सुरू होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असल्याचा उल्लेख आहे. हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांत मतभेद होते. तगर म्हणजे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या एका वाक्यात तीन वेगळी विधाने दडलेली आहेत: तगर नावाचे शहर होते, ते व्यापाराचे होते, आणि ते आजच्या तेरच्या जागी होते. प्रत्येकाचा धनी वेगळा. हुशार विद्यार्थी नकाशा उघडेल आणि म्हणेल, सर, तेर तर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. शाबास! पण हे त्याने विकिपीडियात लिहिले तर दुसरा संपादक ते काढून टाकेल, कारण हा त्याचा स्वतःचा तर्क झाला. तो आधी कुठे, कुणी छापला आहे? मग पोरगा फ्लीटचा लेख शोधायला निघतो आणि दिशेची ही अडचण कुणी आधी हाताळली आहे का ते पाहतो. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहावर उभे राहिलेले संग्रहालय आहे. तिथे जाऊन आलेला विद्यार्थी ‘जगप्रसिद्ध’ हा शब्द वापरताना दहादा विचार करील. एवढ्यात सत्र संपते. हाती पडतात दोन वाक्ये आणि तीन तळटीपा. माझ्या मते तो पूर्ण गुणांना पात्र आहे.

याउलट तुळजाभवानीवर दोन हजार शब्द लिहून आणणारा. त्याच्या घरी देवीचा गोंधळ होतो, त्यामुळे भवानीने महाराजांना तलवार दिली हे त्याला सिद्ध करावेसे वाटतच नाही. ‘अशी श्रद्धा आहे’ हे तीन शब्द त्याच्या हातून लिहून घेणे म्हणजे एक अख्खा तास आहे, आणि तो तास इतिहासाच्या वर्गात एरवी कधी होत नाही.

आधार शोधायला निघाले की या जिल्ह्याचे दैन्यही समोर येते. पुणे, सातारा, नाशिक यांच्यावर कॅम्बेलच्या काळातली जाडजूड इंग्रजी गॅझेटियर आहेत. हा मुलूख निजामाचा. त्याच्या वाट्याला १९०९ च्या हैदराबाद संस्थानावरच्या खंडातली काही पानेच आली. नळदुर्गचा भाग १८५३ ते १८६० इंग्रजांकडे होता आणि तिथला कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने आत्मचरित्र लिहिले, म्हणून त्या काही वर्षांवर तेवढा उजेड पडतो. स्वतंत्र जिल्हा गॅझेटियर आले ते १९७२ साली. त्यातही एक सापळा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लातूर होते. ते वेगळे झाले १९८२ मध्ये. त्या गॅझेटियरमधले क्षेत्रफळ, लोकसंख्या, उसाखालची जमीन उचलून कुणी ‘धाराशिव जिल्हा’ या लेखात टाकली, तर तळटीप बरोबर असेल आणि विधान साफ चूक. तळटीप दिली म्हणजे काम झाले असे मानणाऱ्या शिक्षकाला हे कळणारही नाही. निजामी काळातले बरेच दप्तर उर्दूत, जुने मराठी कागद मोडीत, आणि दोन्ही वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

उरते ते लोकांच्या तोंडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे हलली. जुन्या गावात कोणत्या आळीला काय होते, पत्र्याच्या शेडमध्ये किती पावसाळे काढले, नव्या वसाहतीत शेजार कसा बदलला, हे सास्तूरकडच्या विद्यार्थ्याला आजीकडून ऐकून पाठ असते. ज्ञानकोश ते घेत नाही. छापील, तपासता येईल असा आधार नाही म्हणून. नियम योग्यच आहे. तो नसता तर प्रत्येक गावाने आपला किल्ला सर्वात जुना आणि आपला राजा सर्वात शूर ठरवला असता. पण जिथे छापील कमी, तिथे हाच नियम गरिबाला आणखी गरीब करतो, हेही खरे. यातून वाट काढायची तर आठवणी गोळा करणे हे विद्यार्थ्याचे काम आणि त्या नाव-तारीख-संमतीसह, संपादित करून प्रसिद्ध करणे हे विभागाचे. क्षेत्रकार्याची माणसे जिल्ह्यात आहेत. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे. असे पुस्तक निघाले, की पुढची मुले त्याचा आधार देऊ शकतात, अर्थात आपल्याच विभागाचे पुस्तक आहे हे चर्चापानावर उघड सांगून.

कोश हीच शाळा, हे मराठीला नवे नाही. केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते कंपनी काढून, भाग विकून, आणि तरुण मदतनीस हाताशी घेऊन. त्यांच्यातले य. रा. दाते पुढे महाराष्ट्र शब्दकोशाच्या कामात उतरले. पण त्या मदतनिसांच्या डोक्यावर केतकर बसलेले होते. वाईच्या विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. चुकले तर कुणाला विचारायचे ते ठाऊक. विकिपीडियात लेखाखाली नाव नसते, तरी ‘इतिहास’ या टॅबवर प्रत्येक बदल तारीखवेळेसह नोंदलेला असतो. शिक्षकाने तपासायचे ते हेच पान आणि सोबतचे चर्चापान. विद्यार्थ्याने काय लिहिले यापेक्षा काय खोडले, कुणाच्या हरकतीवर खोडले आणि चर्चापानावर काय उत्तर दिले, हे त्यांत दिसते.

एक आक्षेप गंभीर आहे. गुणांचा बडगा दाखवून विद्यार्थ्याकडून जगासाठी फुकट लेखन करून घेणे ही वेठ नाही का? शिवाय तिथे लिहिलेले कायमचे मुक्त परवान्याखाली जाते. आक्षेप मला मान्य आहे, म्हणून धूळपाटीवरचे, म्हणजे विकिपीडियातल्या सरावाच्या पानावरचे काम सक्तीचे आणि प्रकाशित करणे ऐच्छिक असावे. आणखी एक, मुलांना टोपणनावाने लिहू द्यावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि या विषयावरचे एक ओळीचे संपादनही कुणाला तरी झोंबू शकते. वीस वर्षांच्या मुलीने खऱ्या नावानिशी त्यात उतरावे असा आग्रह धरणाऱ्या शिक्षकाने आधी स्वतः उतरून पाहावे.

आता उतारे चिकटवण्याचीही गरज उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला सांगितले की ते नळदुर्गच्या पाणीमहालावर गुळगुळीत मराठीत पाच परिच्छेद देते, वर अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही. पुण्यातली चोरी शोधता येत होती, कारण मूळ मजकूर कुठेतरी होता. लेखाला गुण देण्याची पद्धत या यंत्रापुढे टिकणार नाही. आधाराला गुण देण्याची टिकेल: ते पुस्तक घेऊन ये, पान उघड, आणि पाणीमहालाचे धरण दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे कुठे लिहिले आहे ते बोट ठेवून दाखव.

हे चाळीसजणांच्या वर्गात होणार नाही. दहा-बारा जण, एक सत्र, आणि असा शिक्षक ज्याने स्वतः आधी काही महिने संपादन केले आहे. मराठी विकिपीडियावर नियमित झाडलोट करणारी माणसे मोजकी आहेत. आपल्या मुलांनी केलेला पसारा त्यांच्या गळ्यात मारून अहवाल पाठवणे हा निव्वळ बेपर्वाईचा प्रकार आहे. पहिल्या सत्रात नवा लेख नकोच. तेर, नळदुर्ग, परंडा, धाराशिवची लेणी, उस्मानाबादी शेळी, असे जे लेख आधीच आहेत त्यांतली निराधार वाक्ये शोधायची आणि एकेकाचा माग काढायचा. त्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले कुलूपबंद कपाट उघडावे लागेल, आणि कधी हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत जावे लागेल. त्या प्रवासाचा खर्च फील्ड प्रोजेक्टच्या शीर्षाखाली बसतो की नाही, एवढे मराठवाडा विद्यापीठाने एकदा लेखी सांगून टाकावे.