रात्र कुणाच्या खात्यावर?

कॅलिफोर्नियातलं माउंटन व्ह्यू जगाला माहीत आहे ते गूगलचं गाव म्हणून. तिथे रेंगस्टॉर्फ पार्कसमोर, कॅलट्रेनच्या रुळांना चिकटून क्रिसँटो अॅव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. काही वर्षांपूर्वी या रस्त्याच्या कडेला मोटारहोमची रांगच्या रांग उभी असायची. रंग उडालेल्या, छपरावर ताडपत्री बांधलेल्या, आतून पडदे ओढलेल्या गाड्या. शेजारच्या पालो आल्टोत, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कडेने जाणाऱ्या एल कमिनो रिअलवरही तेच. या गाड्यांत राहणारी माणसं एका जातकुळीची नव्हती. काहींना दुसरं घरच नव्हतं. पण काही सुतार होते, प्लंबर होते, रंगारी होते. त्यांचं रीतसर घर होतं, फक्त ते शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अल्टामाँटच्या घाटापलीकडे, ट्रेसी, मोडेस्टो, स्टॉक्टनच्या बाजूला. बायकामुलं तिकडे. सोमवारी पहाटे घाट ओलांडायचा, आठवडाभर गाडीत झोपायचं, शुक्रवारी संध्याकाळी परतायचं. मला बोलायचंय ते या दुसऱ्या मंडळींबद्दल. बेघरांची निदान चर्चा तरी होते. यांना घर आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला, असं सगळे धरून चालतात.

काम इकडे आणि घर तिकडे, हे आपोआप झालेलं नाही. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. घरपट्टी खरेदीच्या किमतीच्या साधारण एक टक्क्यावर बांधली गेली आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं ठरलं. जुन्या घरमालकांची चंगळ झाली. नगरपालिकांना मात्र कळून चुकलं, की घरांना परवानगी देऊन तिजोरीत फारसं काही येत नाही. घर आलं की शाळा, पाणी, अग्निशमन सगळा खर्चच. त्यापेक्षा ऑफिसं आणि दुकानं बरी. त्यात एका प्लॉटवर एकच बंगला हा नियम बहुतेक वस्त्यांत दशकानुदशकं चालला. म्हणजे शहराने खुर्च्या वाढवल्या, खाटा वाढवल्या नाहीत.

मोटारहोम म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर सहल येते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेही त्याच हौसेने. कामगाराच्या गाडीत हौसेला जागा नसते. तिथे सगळा हिशोब टाक्यांचा. एक स्वच्छ पाण्याची, शे-दीडशे लिटरची; एक सांडपाण्याची; एक मैल्याची. आंघोळ म्हणजे अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. मैल्याची टाकी रस्त्यावर रिकामी करता येत नाही. त्यासाठी डंप स्टेशन गाठायचं, तिथे पैसे मोजायचे. ती गाडी तिथवर न्यायची म्हणजे मांडलेला संसार बांधायचा: भांडी कपाटात, शेगडीचा गॅस बंद, चाकाखालचे ठोकळे काढायचे. आणि परत येईपर्यंत आपली जागा दुसऱ्याने घेतलेली. हिवाळ्यात माणसाच्या श्वासानेच काचा आतून घामेजतात, गादीची खालची बाजू दमट राहते. हीटर रात्रभर लावावा तर सिलिंडर संपतो आणि बॅटरी उतरते. अशा रात्रीनंतर सकाळी सातला साइटवर उभं राहायचं आणि लाख-लाख डॉलरची स्वयंपाकघरं बसवायची.

यात कायद्याची गंमत बघा. अमेरिकेच्या आयकर खात्याला मोटारहोम चक्क घर म्हणून चालतं. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असली की झालं. तिच्या कर्जावरच्या व्याजाला दुसऱ्या घरासारखी सवलत मिळू शकते. पण पोलिसांच्या लेखी ती गाडी. सॅन डिएगोत भर शहरात उभ्या असलेल्या एका मोटारहोममध्ये अमली पदार्थविरोधी खात्याचे लोक वॉरंटशिवाय शिरले आणि त्यांना गांजा सापडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं, की चाकं आहेत, कधीही पळू शकते, तेव्हा घराला मिळणारं झडतीपासूनचं पूर्ण संरक्षण हिला नाही. ठोकळ्यांवर चढवून नळ-वीज जोडलेल्या गाडीचं काय, हे न्यायालयाने मोकळं ठेवलं. म्हणजे पळू शकते म्हणून संरक्षण कमी. दुसऱ्या टोकाला, सार्वजनिक रस्त्यावर एका जागी ७२ तासांपेक्षा जास्त राहिलेली गाडी उचलून नेण्याची मुभा कॅलिफोर्नियाचा वाहन कायदा शहरांना देतो. म्हणजे पळत नाही म्हणूनही गुन्हा. सोमवारी पहाटे लावलेली गाडी गुरुवारी पहाटे हलवणं आलंच.

२०१५ मध्ये गूगलच्या एका तरुण इंजिनिअरने जुना ट्रक घेऊन कंपनीच्याच आवारात मुक्काम ठोकला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं! भाडं वाचवतो, कर्ज फेडतो, हुशार मुलगा. खरं तर त्याची रात्र कंपनीच सांभाळत होती. आंघोळ कंपनीच्या जिममध्ये, जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये, पार्किंग कंपनीचं. ट्रकमध्ये फक्त पाठ टेकायची. क्रिसँटो अॅव्हेन्यूवरच्या सुताराला यातलं काहीच नाही.

माझ्या मते प्रश्न गाडीचा नाहीच. कामाच्या आठवड्यातल्या रात्री कुणाच्या खात्यावर मांडायच्या, हा आहे. जहाजावर खलाशाला बर्थ द्यावाच लागतो. अमेरिकेतच, एच-२ए व्हिसावर हंगामी शेतमजूर आणणाऱ्या मालकाने त्यांना फुकट निवारा देणं कायद्याने बंधनकारक आहे. तो निवारा कसा असतो, हा वेगळा विषय. पण रात्र मालकाच्या खात्यावर पडते. त्याच देशात शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या सुताराची रात्र त्याची त्यानेच भागवायची.

मालकाने ही जबाबदारी झटकली तेव्हा आपल्याकडे गावाने ती उचललेली दिसते. गोव्यातल्या गावागावांनी मुंबईत धोबीतलाव-माझगावकडे कूड चालवले. दोन बोटींच्या मधले दिवस खलाशी तिथे काढायचा: भिंतीलगत पेट्यांची ओळ, एक देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या खोल्या होत्या. रात्रपाळीवाला बाहेर पडला की त्याच्या जागेवर दिवसपाळीवाला आडवा व्हायचा आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा गिरणीचा अर्धा डोलारा या बायकांच्या चुलीवर उभा आहे, हे निदान त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेला दिसलं. या खोल्यांचे गोडवे मला गायचे नाहीत. तिथे ढेकूण होते, भांडणं होती, आणि गावाकडे एकट्या बाईने शेती, सासू-सासरे, पोरं ओढली. मोडेस्टोची बायकोही तेच करते. पण तापाने फणफणलेल्या माणसाला त्या खोलीत पेज करून देणारं कुणीतरी होतं. मोटारहोममध्ये गावकी मावत नाही.

कायद्याचं म्हणाल तर आपणही फार मोठे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला मजुरांच्या राहण्याची सोय करायला सांगितलं. पण त्यासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागे. बीडचं ऊसतोड जोडपं कोल्हापूरला गेलं तर या कायद्यापुरती त्यांची कोपी त्यांचीच, तेच बेळगावला गेलं तर कागदावर तरी ठेकेदाराची.

मुलीकडे माउंटन व्ह्यूशेजारच्या सनीव्हेलला असताना तिथल्या मराठी मंडळींत मी या गाड्यांचा विषय काढला, की बहुतेक जण रस्त्यावरच्या घाणीबद्दल बोलायचे. तक्रार खोटी नव्हती. भरलेली टाकी कुठेतरी रिकामी होतेच. पण याच मंडळींनी सुरुवातीचे दिवस कंपनीच्या फ्लॅटमध्ये चौघांनी जमिनीवर गाद्या टाकून काढलेले, आणि त्या आठवणी किती रंगवून सांगतात! त्या फ्लॅटचं भाडं कंपनी भरत होती, हा तपशील गोष्टीत सहसा येत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी ‘मेझर सी’ला कौल दिला: चाळीस फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या उभ्या करायला बंदी. शहरातले बहुतेक रस्ते तेवढेच. पुढच्या वर्षी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांनी खटला भरला, २०२२ मध्ये तडजोड झाली आणि तीनेक मैल रस्ता या गाड्यांसाठी मोकळा ठेवायचं शहराने कबूल केलं. शहराने पार्किंगची काही सुरक्षित आवारंही उघडली, पण ती बेघरांना डोळ्यांसमोर ठेवून. मोडेस्टोला घर असलेल्याने तिथे कोणत्या तोंडाने अर्ज करायचा?

माझी मागणी मोठी नाही. मोठ्या बांधकामाला परवानगी देताना शहर त्या कंपनीला गाड्या कुठे उभ्या करणार हे विचारतंच. त्याच कागदावर साइटवरचे कामगार रात्री कुठे राहणार हेही विचारावं. आवाराचा एक कोपरा, नळ, वीज, मैल्याची टाकी रिकामी करायची जागा, काम संपलं की बंद. इंग्लंडमध्ये हिंकली पॉइंटच्या अणुवीज प्रकल्पावर कामगारांसाठी दीड हजाराच्या आसपास खोल्या बांधल्या गेल्याच की. यामुळे बांधकाम महाग होईल हा आक्षेप मला मान्य आहे. ते आजही महागच आहे, फक्त फरक कामगाराच्या खिशातून जातो.

२०२३ मध्ये शहराने गूगलच्या नॉर्थ बेशोअर आराखड्याला मंजुरी दिली. त्यात ऑफिसांसोबत सात हजारांपर्यंत घरं आहेत. इतक्या वर्षांनी कुणाला तरी खाटांची आठवण झाली, हे चांगलंच. ही घरं कधी उभी राहतील ते बाजार ठरवेल. बांधायला येणारे सुतार, प्लंबर आणि वायरमन मात्र घाटापलीकडूनच येतील, सोमवारी पहाटे.