ढोल मध्येच असतो

आज सकाळी पेन शोधताना खणात एक शिट्टी हाताला लागली. गळ्यात अडकवायच्या काळ्या दोरीसकट. तिच्याबरोबर एक उन्हाळी सकाळही वर आली.

साताऱ्याच्या बाजूला एक नवं पर्यटन केंद्र सुरू होणार होतं. झोके, घसरगुंड्या, बैलगाडीची फेरी, असं सगळं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पत्रकारांना बोलावलं होतं आणि त्यांच्यासमोर कला सादर करणाऱ्या मंडळींना सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. ‘सांभाळणं’ म्हणजे कोणी कुठं उभं राहायचं, कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे ठरवणं. म्हणून ती शिट्टी.

आटपाडीकडचं एक गजी मंडळ आलं होतं. माणदेशातली ही धनगरी कला. पांढरे घोळदार झगे, डोक्याला फेटे, हातात रंगीत रुमाल. मंडळी सकाळी सातलाच फेटे बांधून तयार होती. कॅमेरे आले साडेदहाला. आल्या आल्या एक जण म्हणाला, “गोलात नको, पाठच दिसते. एका रांगेत घ्या, तोंडं इकडं.” मला ते पटलं. मी शिट्टी मारली, हात वर करून रांग लावली आणि ढोल उचलून कडेला नेऊन ठेवला.

ढोल वाजू लागला, पण नाच काही केल्या उभा राहीना. रुमाल हलत होते, पावलं चुकत होती. दोन मिनिटांत ढोलवाल्या म्हाताऱ्यांनी हात थांबवला. रागावले नाहीत. म्हणाले, “सायब, ढोल मधी असतोय. पाय त्येला बघून पडत्यात. त्यो कडंला गेला की पाय येडं व्हत्यात.” मग कॅमेऱ्यांकडं बघून म्हणाले, “आन् त्यास्नी त्वांडं बगायची असत्याल, तर आत येऊ द्या की!”

ढोल मध्ये आला. कॅमेरेवाले त्याच्याजवळ मातीत उकिडवे बसले आणि भोवती रिंगण फिरू लागलं. नाचणाऱ्याचं लक्ष ढोलाकडं, म्हणजे तोंड आतच. प्रत्येक चेहरा समोरून जात होता. मला मात्र काही करायचं उरलं नव्हतं. शिट्टी मी खिशात टाकली.

पुढं पुष्कळदा वाटलं, ही गोष्ट साताऱ्याच्या शेजारच्या सांगलीनं फार आधी ओळखली होती. 1843 साली राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी तिथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या खेळाचा दिवस, 5 नोव्हेंबर, आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांचा हात कळसूत्री बाहुल्या करण्यातही बसलेला होता. बाहुलीचं सोपं असतं. दोरा ओढला की हात वर, सोडला की खाली. बाहुलीला सात वाजल्यापासून ताटकळत बसवलं तरी ऊन लागत नाही.

पण जिवंत माणसं रंगमंचावर आणली तेव्हा भाव्यांनी दोरे बांधले नाहीत. त्यांच्या खेळात सूत्रधार पहिल्यापासून शेवटपर्यंत समोरच उभा असे. साथीदारांना घेऊन कथेची पदं तो गाई आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी, आपल्या जिभेनं करत. राक्षस आरोळ्या ठोकत येत, विदूषक मध्येच टपकत असे. 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले, तेव्हाही रीत हीच. भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ 1885 मध्ये छापला गेला. त्यात पदं आहेत. भाषणं कुठून असणार? ती नटांची होती, त्यांच्याबरोबर गेली.

म्हणजे सूत्रधाराच्या हातात असलेलं सूत्र हे पदांचं होतं, माणसांचं नव्हे. तो मध्ये गात राहिला म्हणून बाकीच्यांना मोकळं बोलता आलं. माणदेशी ढोल तरी दुसरं काय करतो?

माणसं हाताळायची कामं आपल्यापैकी बहुतेकांना करावी लागतात. घरात कार्य असतं, शाळेत संमेलन असतं, कचेरीत साहेबांची भेट असते. बाहेरून कुणीतरी बघायला येणार म्हटलं की आपला पहिला हात रांग लावायला उठतो. नीट दिसावं, एवढंच डोक्यात असतं. ही माणसं एरवी कशाच्या भोवती फिरतात, कशाकडं बघून त्यांची पावलं पडतात, हे विचारायचं राहून जातं. आणि मग ‘यांना काही जमत नाही’ असा शेराही आपणच मारतो.

दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत फोटो आले. एकात रिंगण होतं, झग्यांचे घोळ वाऱ्यानं भरलेले. दुसऱ्यानं घाईत आधीचाच फोटो छापला होता. सगळे एका ओळीत, तोंडं कॅमेऱ्याकडं, पाय जमिनीला चिकटलेले. त्याच्या कोपऱ्यात एक हात आला आहे, वर उचललेला. बोटांत शिट्टीची काळी दोरी.

हात माझाच. शिट्टी पुन्हा खणात ठेवली. पेन काही सापडलं नाही.