हिंमत आणि हौस

बर्फाच्या उतारावरून एक माणूस पायांत स्की बांधून सुसाट निघतो. डोक्यावर कापडी पंख. समोर कडा येतो. पंख त्याला अलगद उचलतो आणि कड्यापलीकडे तो पुन्हा बर्फाला टेकतो. हे चित्र वर्गात दाखवले, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, ये बहादूर है या बेवकूफ?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

या खेळाला 'स्पीड रायडिंग' म्हणतात. 2000 नंतरच्या दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये तो रुजला. पंख पॅराग्लायडरच्या निम्म्याहूनही लहान, म्हणून वेग फार. 2009 मध्ये फ्रान्स्वा बों या फ्रेंच खेळाडूने अर्जेंटिनातील आकोंकाग्वा शिखरावरून अशीच झेप घेतली. त्या शिखराची उंची 6,900 मीटरहून अधिक आहे. पण हा खेळ बहुधा जमिनीलगत चालतो. तिथे चूक सुधारायला वेळ नसतो आणि जादा पॅराशूट उघडायला उंची नसते.

"जीव माझा, जोखीम माझी," असे कुणी म्हणेल. पण जीव एकट्याचा असतो का? तो दरीत पडला तर हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या बचाव पथकातल्या माणसालाही घर असते. घरी वाट पाहणारी आई तर त्या जोखमीत न विचारताच भागीदार झालेली असते.

मग खेळ बंद करावा? तसेही नाही. नवव्या शतकात कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिर्नासने पंख बांधून झेप घेतली. उतरताना त्याच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते, अशी नोंद इतिहासकार अल-मक्करीने केली आहे. तरीही आपण त्याला बेवकूफ म्हणत नाही. त्याने न उडताच राहायला हवे होते, असेही म्हणत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. निव्वळ स्कीवर जो उतार कुणी धरणार नाही, तो पंख आहे म्हणून धरला जातो. जे साधन वाचवते, तेच मोह घालते. म्हणून हिंमत किती मोठी जोखीम घेतली यावर मोजता येत नाही. परत फिरता येते का, यावर ती मोजावी. वारा फिरला म्हणून शिखरावरच पंख गुंडाळून रोपवेने खाली येणाऱ्याचे छायाचित्र कुणी काढत नाही.

त्या मुलाला आता मी सांगेन, "बेटा, वो रुकना जानता है या नहीं, पहले ये पूछो."